पाच संगणकांची सवलत

“…मग ते कुलूप अडवतं तरी कुणाला?” भंतेंनी विचारलं.

“चोरांना,” प्रज्योत चटकन म्हणाला.

पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठावर संघपाल भंतेंचं लहानसं विहार आहे. सकाळचे दहा वाजले होते. भंते ओसरीवर फाटकं चीवर शिवत बसले होते आणि समोर सतरंजीवर प्रज्योत गजभिये. कॉलेजात असताना दर उन्हाळ्यात दहा-दहा दिवस तो इथं श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, होऊन राहिलेला. आता पुण्यात त्याची स्वतःची कंपनी होती, संगणकावरचे व्हिडिओ गेम काढणारी. त्यातला ‘गावठाण’ नावाचा खेळ खूप खपला होता. विहिरी खणायच्या, रस्ते काढायचे, घरोघरी दिवे लावायचे, असा सगळा गाव वसवायचा खेळ.

या खेळाला प्रज्योतनं कुलूप घातलं होतं. खेळ सुरू केला, की तो आधी इंटरनेटवरून कंपनीला विचारायचा, हा माणूस आपला का? एक प्रत तीनच संगणकांवर चालायची. चौथ्यावर टाकली की पडद्यावर लाल अक्षरं यायची : ‘ही प्रत अधिकृत नाही.’

दोन वर्षं लोकांनी शिव्या घातल्या. शेवटी गेल्या आठवड्यात त्यानं कुलूप सैल केलं. तीनऐवजी पाच संगणक, आणि दर वेळी विचारण्याऐवजी महिन्यातून एकदाच. तसं जाहीर निवेदन काढलं आणि त्याची छापील प्रत खिशात घालून तो इथवर आला. भंते पाठीवर हात ठेवतील, असं त्याला वाटलं होतं.

“चोर किती अडले?”



खेळ बाजारात आला त्याच्या तिसऱ्या दिवशी कुणीतरी कुलूप तोडून तो फुकट वाटून टाकला होता. तोडलेल्या प्रतीत विचारणंबिचारणं काही नव्हतं. ज्यांनी चोरला, त्यांनी ती लाल अक्षरं आयुष्यात पाहिली नव्हती.

“एकही नाही, भंते.”

“मग?”

“…विकत घेणारे अडले.”

भंतेंनी दोरा दातानं तोडला. “कागद आणलायस ना? वाच.”

प्रज्योतनं घडी उलगडली. पुण्यात वाचताना हा मजकूर किती उमदा वाटला होता! “‘आमच्या ग्राहकांवरील विश्वासापोटी आम्ही त्यांना ही सवलत देत आहोत…’”

“कसली सवलत?”

“खेळायची.”

“कुठला खेळ?”

“‘गावठाण’च. त्यांनी घेतलेला.”

“विकत?”

“हो.”

प्रज्योतनं कागदाची पुन्हा घडी घातली. ती मघासारखी सरळ पडेना.

“इतकं सोडलं, तरी लोक खूश नाहीत,” तो म्हणाला. “आणि खरं सांगू? मलाही बरं वाटत नाही. का, भंते?”

“लोकांचं राहू दे. तुझ्या मनात कोण आहे?”

…

हे नाव त्यानं कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

“दौलत कोहपरे,” तो म्हणाला. “ब्रह्मपुरीचे. वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले.”

कोहपरेंची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, यंत्राला जोडून घेऊन पडून राहायचं. एक हात अडकलेला, दुसरा मोकळा. त्या मोकळ्या हातानं ते जुन्या लॅपटॉपवर ‘गावठाण’ खेळायचे. जन्मभर जे केलं तेच, खांब रोवायचे आणि तारा ओढायच्या. लॅपटॉप सारखा बिघडायचा. प्रत्येक दुरुस्तीनंतर कुलूप त्याला नवाच संगणक समजायचं. तिसऱ्या दुरुस्तीनंतर लाल अक्षरं आली. कोहपरेंनी कंपनीला पत्र लिहिलं.

“त्याचं उत्तर मी स्वतः दिलं.”

“काय दिलंस?”

प्रज्योत खाली बघत राहिला. सतरंजीचे पट्टे निळे होते. एक, दोन, तीन…

“‘चोरीची प्रत वापरणाऱ्यांना आम्ही मदत करत नाही.’”

भंतेंची सुई थांबली.

“आमच्याकडे नोंद होती, भंते. दोन वर्षांपूर्वी त्यांनी रीतसर विकत घेतल्याची. एक बटण दाबलं असतं तर दिसली असती. मी दाबलं नाही. अशी शंभर पत्रं यायची. मला वाटलं, हा त्यातलाच एक.”

“मग ते भांडले असतील.”

“भांडले असते तर…” प्रज्योतनं वाक्य अर्धंच सोडलं. “त्यांनी दुसऱ्या दिवशी खेळ पुन्हा विकत घेतला. आणि चिठ्ठी पाठवली. ‘साहेब, जुनी पावती सापडत नाही म्हणून नवीन प्रत घेतली आहे. माझ्याबद्दल मनात काही ठेवू नये.’”

भंते रागावतील, असं प्रज्योतला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“किती दिवस झाले?”

“सात महिने.”

“या सात महिन्यांत तू काय केलंस?”

“हे निवेदन काढलं.”

भंतेंनी हात पुढे केला. प्रज्योतनं कागद दिला. भंतेंनी तो वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला. मागची बाजूही उलटून पाहिली.

“यात त्यांचं नाव कुठं आहे?”

…

प्रज्योत उठला. अंगणात नदीच्या बाजूला गेलं की मोबाईलला रेंज मिळायची. नंबर त्याच्याकडे होता. पहिल्याच पत्राखाली कोहपरेंनी तो लिहून दिला होता. सात महिन्यांत कितीदा तरी त्यानं तो उघडून पाहिला होता.

घंटी वाजली. चार वेळा, पाच वेळा. त्यांनी उचलू नये, असं त्याला वाटलं आणि त्याचीही लाज वाटली.

“हालो?” मागे कुठलंसं यंत्र बारीक आवाजात टुक-टुक करत होतं.

“कोहपरेजी? मी पुण्याहून प्रज्योत गजभिये. ‘गावठाण’ खेळ… ती कंपनी माझी.”

पलीकडचा वयस्कर आवाज एकदम हळू झाला. आजूबाजूच्या खाटांवरच्यांनी ऐकू नये, इतका हळू.

“साहेब… माह्यं पुन्हा काई चुकलं का जी?”

अंगणात येताना जुळवलेली वाक्यं आता प्रज्योतच्या उपयोगाची नव्हती.

“एक मिनिट हं,” तो कसाबसा म्हणाला. फोन छातीशी घट्ट दाबून तो जवळजवळ पळतच ओसरीवर आला. भंतेंकडे बघवत नव्हतं.

“भंते, ते विचारताहेत… त्यांचं पुन्हा काही चुकलं का म्हणून. काय सांगू मी?”

भंतेंनी सुईत नवा दोरा ओवायला घेतला होता. नजर वर न करताच त्यांनी विचारलं, “फोन ठेवला त्यांनी?”

“नाही. धरून आहेत.”

“मग मला काय विचारतोस? त्यांनी तुला विचारलंय.”