उचलधोंडा

निगडवणच्या पुलावर थांबलात की खाली पात्राच्या मधोमध एक काळा, सपाट दगड दिसतो. त्याला आम्ही उचलधोंडा म्हणतो. पाहुणे विचारतात, इथे ताकदीच्या पैजा लागायच्या काय? पैजा कसल्या! तो दगड कुणाच्या बापाला हलला नसता. उचलायचे होते ते दुसरेच, आणि ते वेळेवर उचलले गेले नाही.

फार मागे, पूल नव्हता तेव्हा, या गावात म्हाळोजी तेल्याचे मोठे घर होते असे सांगतात. भाऊ, त्यांची मुले, सुना, नातवंडे असा सारा गोतावळा, चूल मात्र एकच. त्या घराचा एक कडक रिवाज होता. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःचे मूल उचलायचे नाही. भावाचे घ्यावे, चुलतभावाचे घ्यावे, खांद्यावर बसवून गावभर मिरवावे. आपले तेवढे जमिनीवर. रिवाज अगदीच बिनडोक होता असे नाही. आपले-तुपले सुरू झाले की ताटातला घासही मोजला जातो, हे जुन्यांना ठाऊक होते. घर एकत्र राहिले ते त्यावरच. पण बापलेकांत जी माया बोलून, जवळ धरून दाखवायची असते, ती त्या घरात कधी दाखवलीच गेली नाही.

म्हाळोजीला बोलावेही लागत नसे. तो नुसता खाकरला की सुनांचे पदर सावरले जात आणि मुलगा हातातले मूल खाली ठेवी. तो स्वतः तसाच वाढला होता. त्याचा मुलगा येसू लहानपणी एकदा शेतात रडत होता, म्हणून म्हाळोजीने त्याला छातीशी धरले, तर बांधावरून म्हाळोजीचा बाप खाकरला. पोराला त्याने परत मातीत ठेवले. ते रडणे त्याच्या कानातून कधी गेले नाही, म्हणे. तरी वय झाल्यावर खाकरायला तोही शिकलाच.

येसूला एक मुलगी होती, रंगू. जेमतेम उभी राहायला लागली होती. पलीकडच्या काठावरच्या देवीचा नवस फेडायला सगळे घर निघाले, सोबत व्याही होते. नदीला घोट्याएवढे पाणी. येसूची बायको सगुणा नैवेद्याची पाटी डोक्यावर घेऊन पुढे गेली. रंगूला घेणारा धाकटा दीर बैल सोडायला मागे राहिला, म्हणून येसूने तिला कडेवर घेतले. तो पात्राच्या मध्यावर आला, आणि आधीच पलीकडे पोचलेला म्हाळोजी व्याह्यांच्या देखत खाकरला.

येसूने मुलीला त्या दगडावर बसवले आणि भावाची वाट पाहत जरा बाजूला उभा राहिला. इथे ऊन पडले होते. वर घाटात मात्र सकाळपासून पाऊस कोसळत होता, हे खाली कुणाला ठाऊक नव्हते.

लोंढ्याचा आधी आवाज आला. येसूचे हात पुढे झाले. आणि असे सांगतात, की तेवढ्यातही त्याने मान वर करून बापाकडे पाहिले.

ते पाहणे म्हाळोजीला दिसले. "उचल! आरं, उचल तिला!" तो जिवाच्या आकांताने ओरडला. येसू झेपावला तोवर दगड पाण्याखाली गेला होता.

येसू एका करंजाच्या फांदीला धरून वाचला. रंगू संध्याकाळी खालच्या डोहात सापडली. येसूने तिला दोन्ही हातांवर घेतले आणि व्याही, चुलते, बाप, सगळ्यांच्या समोरून घरी आणले. कुणी खाकरले नाही.

पुढे घर चालत राहिले. येसू घाणा हाकी, "जी आबा" म्हणे, सणावाराला पाया पडे. मर्यादेत कुठे उणे नव्हते. फक्त बापाच्या तोंडाकडे पाहणे त्याने सोडले. म्हाळोजीला अन्न गोड लागेना. नात आपल्या खाकरण्याने गेली, हे त्याला पक्के कळले होते, आणि मुलगा जिवंत असून हातचा गेला होता.

दुसऱ्या वर्षी सगुणाला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी म्हाळोजी बाळाला घेऊन नदीत उतरला, धोंड्यापाशी उभा राहिला आणि साऱ्या गावाला काठावर बोलावले.

"येसू, घे."

येसूने हात जोडले. "तुमच्याम्होरं न्हाई, आबा."

हे त्याने टोचून म्हटले की खरेच त्याचे हात उचलेनात, ते आजवर कुणाला सांगता आलेले नाही. उन्हे कलली. म्हाताऱ्याचे दंड थरथरायला लागले. सगुणा काठावर तोंडात पदर कोंबून उभी होती.

"तुलाबी म्या कधी धड घेतलं न्हाई रं," म्हाळोजी म्हणाला, आणि ते सगळ्या गावाने ऐकले. "घ्यावंसं लई वाटायचं. म्या भ्यालो. ह्याला तरी खाली ठिवू नगंस."

येसू पाण्यात उतरला. त्याने मूल घेतले, उराशी घट्ट धरले आणि मागे न पाहता काठ चढून गेला. म्हाळोजी रिकाम्या हातांनी तिथेच उभा राहिला.

आजही निगडवणात बारसे झाले की, मुलगा असो की मुलगी, आजोबा बाळाला घेऊन उचलधोंड्यापाशी उतरतो आणि गावादेखत बापाच्या हाती देतो. त्या वेळी काठावर कुणी खाकरत नाही. घसा खवखवला तर माणूस उठून लांब जातो. बाप मूल घेऊन वर येतो, बायका ओवाळतात, पेढे वाटले जातात. आजोबा मागे पाण्यात एकटाच असतो. त्याला हात द्यायला कुणी जात नाही. त्याचे त्यानेच चढून यायचे असते.