गोजराबाईच्या शेंगा

खडकतळे गावाच्या वरच्या अंगाला महादेवाचे देऊळ आहे. तेथे श्रीउमागिरी महाराज बारा वर्षे राहिले. महाराज मोठे दयाळू. पण एकच गोष्ट तीनदा सांगावी लागली की त्यांचा जीव मेटाकुटीला येई. आणि आपण माणसे तरी कशी! चमत्कार दिसला की हात जोडतो, साधे सांगणे मात्र कानाआड करतो.

महाशिवरात्रीला महाराज उपासकऱ्यांना शेंगदाण्याचे लाडू वाटत. शेवटच्या माणसाच्या हातावर लाडू पडेपर्यंत स्वतः पाण्याचा थेंबही घेत नसत.

देवळाची कोठी त्रिंबकरावांकडे होती. कार्तिकात शेंगांची पोती आली, तेव्हा महाराज म्हणाले, "त्रिंबका, दाणे टरफलातच राहू देत. लागतील तेव्हा फोड." पण त्रिंबकरावांना पोत्यांची अडगळ नको होती. त्यांनी साऱ्या शेंगा फोडून घेतल्या, दाणे भर उन्हात तापवले आणि गरम गरमच हंड्यांत भरून झाकणे लिंपायला घेतली.

"अरे, निदान गार तरी होऊ दे!" महाराजांनी दोनदा बजावले.

"होय महाराज," म्हणत त्रिंबकराव लिंपतच राहिले. काय करावे अशा माणसाला!

तेवढ्यात गोजराबाई डोक्यावर मडके घेऊन आली. ती लोकांच्या रानात शेंगा तोडायला जाई. मजुरीत मिळालेल्या शेंगा तिने सावलीत खुळखुळ वाजेपर्यंत वाळवल्या होत्या, फुटक्या-किडक्या वेचून काढल्या होत्या, तळाशी राख आणि वर कडुनिंबाचा पाला घातला होता.

"देवाला राख नि पाला?" त्रिंबकराव सर्वांदेखत हसले. "ने ते मडकं गोठ्यात!"

"ठिवते जी," गोजराबाई म्हणाली. "पर शेंगा देवाच्याच हायती." तिने मडके गोठ्यातल्या उंच फळीवर ठेवले.

शिवरात्र उजाडली. महाराज नुकतेच दुखण्यातून उठले होते. दुपारी तीनशे माणसे जमली आणि हंडे उघडले. खवट वास असा आला की बायकांनी नाकाला पदर लावले. दाण्यांना घाम सुटून बुरशी धरली होती. आता तरी त्रिंबकरावांनी चूक कबूल करावी की नाही? छे!

"गुळात मिसळलं की कळायचं नाही," ते म्हणाले.

"त्रिंबका!" महाराज कडाडले. "देवाच्या नावानं लोकांना कुजकं चारतोस?" एवढे बोलताच त्यांना धाप लागली. लोकांनी पाणी पुढे केले, तर ते म्हणाले, "हे सगळे उपाशी, नि मी पाणी पिऊ? न्या ते!"

गोजराबाई धावत जाऊन मडके घेऊन आली.

"ह्यात जेमतेम वीस लाडू होतील," त्रिंबकराव पुटपुटले.

"तू हिशेब करू नकोस. तू फोड!"

महाराजांनी मडक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. त्रिंबकराव फोडत बसले. दाणे खरपूस भाजले जात होते, बायका कुटत होत्या, लाडू वळले जात होते. पन्नास झाले, शंभर झाले. त्रिंबकरावांची नखे दुखू लागली. त्यांनी आत डोकावून पाहिले, तर शेंगा गळ्यापर्यंत होत्या तशाच! देवा महादेवा, काय ही तुझी लीला! शेवटचा लाडू एका म्हातारीच्या हातावर पडला, तेव्हाच मडक्याचा तळ दिसला. महाराज घटाघटा पाणी प्यायले.

त्रिंबकरावांनी रडत त्यांचे पाय धरले. महाराजांनी पाय मागे ओढले.

"माझ्या पायाशी काय आहे? शेंगा हिनं राखल्या. तिकडे जा!"

भरल्या देवळात कोठीवाल्या त्रिंबकरावांनी गोजराबाईच्या पायांवर डोके ठेवले. ती बिचारी संकोचून गेली.

"बाई, चुकलो. पुढल्या सुगीला मला शिकवशील का?"

"शिकवीन की जी," गोजराबाई म्हणाली. "पर आयकशीला का?"

त्रिंबकरावांनी मान खाली घातली आणि हात जोडून म्हटले, "ऐकेन, माय."