हौसाच्या कष्टांचं चीज

बस खाली. ऐक, आणि यातला एक तरी शब्द खरा मानून दाखव. मानलास, तर तू गुणाजीचा सख्खा भाऊ. नाही मानलास, तरी माझं काय जातंय? जे व्हायचं ते होऊन गेलंय.

एका गावात एक भोळा नवरा होता. भोळा म्हणायचं आपलं लोकलाजेस्तव. नाव गुणाजी. सगळे गुण नावातच संपले, अंगात उतरायला एक उरला नाही. त्याची बायको हौसा. तिच्या हाताला अशी चव, की तिनं दगड शिजवला तरी लोकांनी वाटी पुढं करावी.

गाव घाटाच्या पायथ्याला. वर डोंगरावर गार हवा, म्हणून तिथं बड्या लोकांचे बंगले. त्यातल्याच एका बंगल्यात दिवेकरबाई. बाई इटली फिरून आल्या, तेव्हापासून त्यांच्या जिभेला आपलं काही लागेचना. पिठलं बघितलं की नाक मुरडायच्या. हौसा वर्षभर त्यांची भांडी घासत होती, पण डोळा सगळा स्वैपाकघरावर. एक दिवस बाई म्हणाल्या, "हौसा, महिनाअखेरीच्या रविवारी तुझ्याकडं जेवायला येते. मॅकरोनी करून घाल, वर ते कडक इटालियन चीज किसून. जमलं तर माझं स्वैपाकघर तुझं. नाही जमलं तर घासणी आहेच."

म्हणजे बघ, घासणी का पळी, एवढाच सवाल.

हौसानं गुणाजीला समोर बसवलं.

"अहो, वरच्या बाजारात होमीशेठकडं जा. पार्मेझान चीज म्हणायचं. किसलेलं, पुडीतलं नको. अख्खा तुकडा आणा, सालीसकट. जितकं जुनं तितकं चांगलं. बोटानं दाबून बघा. दबलं तर घेऊ नका. कळलं?"

"कळलं."

गुणाजीनं डोक्यात गाठ मारली. आत दुसरं काही नव्हतंच, गाठ ऐसपैस बसली.

दुकानात गेला आणि म्हणाला, "शेठ, परमेश्वर द्या."

होमीशेठनं चष्मा वर केला. "देऊळ पलीकडे हाय, बाबा."

"देवळातला नको. इटलीचा. जुना, कडक, सालीसकट."

शेठ मुरलेला माणूस. त्यानं जात्याच्या तळीएवढ्या चकतीतला एक तुकडा कापला. पिवळसर, दगडासारखा, सालीवर टिंबाटिंबांची अक्षरं. गुणाजीनं दाबून बघितला. बोट दुखलं. खूश झाला.

शेठ म्हणाला, "दोन वरस मुरलंय हां हे. दोन वरस लागतेच. त्याच्या आधी चीज होत नाय. आणि ऐक, घरी जाऊन प्लॅस्टिकमधे कोंडू नको. गुदमरते. त्याला श्वास घ्यायला लागते."

श्वास घेतं! गुणाजीच्या अंगावर काटा आला. म्हणजे जीव आहे आत! बाहेर पडल्या पडल्या त्यानं तुकडा पिशवीतून काढला, एसटीत खिडकीशी बसवला, आणि टोपीनं वारा घालत बसला.

कंडक्टर आला. "सामान खाली ठेवा."

"सामान नाही. श्वास घेतंय."

कंडक्टरनं वाकून बघितलं. घाटातली गाडी, काय काय बघितलं असेल त्यानं. "वय?"

"दोन वर्षं पुरी."

"मग तिकीट नाही. पण मांडीवर घ्या."

घरी पोचेपर्यंत चीजला घाम फुटला होता, आणि त्या घामावर अख्ख्या घाटाची धूळ. हौसानं कपाळाला हात लावला, मग चीजला फडकं लावलं.

"अहो, उघडं कोण आणतं? जीव गुदमरायला नको असेल, तर बटरपेपरात गुंडाळायचं आणि फ्रिजमधे ठेवायचं. अगदी खाली, भाजीच्या कप्प्यात. कळलं?"

"कळलं."

दुसरी गाठ. आणि ठेवलं हां त्यानं तसं. बोलाफुलाला गाठ पडली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी हौसा म्हणाली, "जा, चहाबरोबर पाव आणा."

झालं! पहिली गाठ सुटली. बेकरीत गुणाजीनं एकेक पाव दाबून बघितला. सगळे दबले. त्यानं सगळे परत केले. बेकरीवाल्यानं कोंबड्यांना घालायला एक टोपलं बाजूला ठेवलं होतं, त्यातला सगळ्यात म्हातारा पाव निवडून आणला.

हौसानं तो पाटावर आपटला. पाटाला टवका गेला.

"अहो, हा पाव का वीट?"

"जुना, कडक, सालीसकट. दाबून बघ, दबत नाही."

हौसानं चहा नुसताच प्यायला. कुणाशी बोलायचं, भिंतीशी? भिंतीला निदान कान असतात.

गुणाजी रोज फ्रिज उघडायचा आणि चीजला कान लावायचा. श्वास चालू आहे ना, बघायला नको? उघड-मीट, उघड-मीट. एक दिवस बोंबललाच, "हौसे, धाव! आजारी पडलं! हिरवं पडलंय!"

हौसानं बघितलं. नखाएवढी बुरशी. "घाबरू नका. कडक चीज आहे, फेकायचं नसतं. हिरवं दिसलं की सुरीनं खरवडून टाकायचं, जरा खोलवर. आतलं चांगलं निघतं. कळलं?"

"कळलं."

तिसरी गाठ. डोकं आता सगळं गाठींचंच झालं, जुन्या जाळ्यासारखं.

बाई येणार म्हणून हौसानं पुढच्या दाराला रंग दिला होता. छान पोपटी हिरवा. ती ओढ्यावर धुणं धुऊन आली, तर गुणाजी घामाघूम, हातात सुरी, आणि दार सोलून उघडंनागडं. अंगणभर हिरवा कीस. शेजारणीच्या कोंबड्यासुद्धा हिरव्या.

"आतलं चांगलं निघालं बघ," गुणाजी म्हणाला.

हौसा रडली नाही. तिनं सुरी लपवली.

रविवार उजाडला. हौसा म्हणाली, "आता नीट ऐका. चीज जेवणाआधी तासभर बाहेर काढून ठेवायचं. गारठलेलं असलं की त्याला चवही नाही, वासही नाही. थंडी उतरली की मग वास सुटतो. आणि ते काढून ठेवलंत की बाईंच्या आसपास फिरकायचं नाही. हात जोडते. आज माझं नशीब त्या ताटात आहे."

"कळलं."

बाई आल्या. हिरवंगार लुगडं नेसून आल्या. गुणाजीनं सुरी शोधली. सापडली नाही. वाचल्या.

पण नशिबात असेल ते कुठं जातं? स्वैपाकघर केवढं, तर पेटीएवढं. दुपारची वेळ, मॅकरोनीची वाफ, आणि बाई अंगानं भरलेल्या. हौसा परसात टमाटे तोडायला गेली, तेवढ्यात बाईंनी पदरानं वारा घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई, काय हे! गुदमरतंय नुसतं. श्वास घेता येईना."

गुणाजी दाराआड होता. दुसरी गाठ सटकन सुटली.

"बाई, हलू नका," म्हणाला. "मला ठाऊक आहे."

फळीवरची बटरपेपरची अख्खी गुंडाळी काढली आणि बाईंना गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळलं. गरगर गरगर. बाई आधी हसल्या. त्यांना वाटलं, गावाकडची काही रीत असेल. मग त्यानं फ्रिज उघडला, भाजीचा कप्पा ओढून काढला, वांगी जमिनीवर ओतली. कप्प्याच्या जागेकडं बघितलं. बाईंकडं बघितलं. पुन्हा जागेकडं बघितलं. गणित बसेना.

"निदान पाय तरी," म्हणाला. बाईंना खाली बसवून दोन्ही पाय आत कोंबले आणि फ्रिजच्या दाराला पाठ लावून रेटत बसला.

बाई अशा किंचाळल्या, की वरच्या बंगल्यातली कुत्री खाली भुंकायला लागली. हौसा टमाटे टाकून धावली.

"अहो! बाहेर काढा बाईंना! आधी बाहेर काढा!"

"एवढ्यात?" गुणाजी उठला. "बरं, काढतो. पण तासभर अशाच बसू दे. थंडी उतरली की मग वास सुटतो."

बाईंनी ते ऐकलं. नीट ऐकलं. उठल्या आणि कागदासकट कुरकुर कुरकुर वाजत मोटारीपर्यंत गेल्या. मोटारीतून तोंड बाहेर काढून म्हणाल्या, "हौसा, उद्या भांडी आहेत."

मॅकरोनी निवून गोळा झाली. चीजचा तुकडा ताटलीत तसाच. त्याला मात्र झकास वास सुटला होता.

हौसा उंबऱ्यावर बसली. सोललेल्या दाराला डोकं टेकलं आणि मग रडली. "वर्षभर राबले हो! वर्षभर घासलं, आणि माझ्या कष्टांचं चीज झालं नाही!"

बायकोचं रडणं गुणाजीला बघवेना. जवळ जाऊन बसला. बराच वेळ विचार केला. आयुष्यात पहिल्यांदाच केला असेल. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"वेडी का काय तू? वर्षात कसं होईल? शेठ सांगत होते, दोन वर्षं लागतात. अजून एक वर्ष घास, होईल चीज."

दात काय काढतोस? ऊठ. निघ आता, मला कामं आहेत. आणि जाताना दार हळू लाव. हिरवं आहे म्हणून खरवडायला बसलास तर याद राख.