नावेवरची गेरूची रेघ

एका नदीकाठच्या गावात एक नावाडी होता. त्याच्या नावेच्या कडेला बाहेरून गेरूची एक रेघ ओढलेली होती. रेघ पाण्याखाली गेली म्हणजे ओझं जास्त झालं, नाव सोडायची नाही, असं त्याला बापाने शिकवलं होतं.

या गावात कुठून कोण जाणे, 'ॲडजस्ट' हा इंग्रजी शब्द आला आणि नावाड्याच्या डोक्याला ताप झाला. पाटील म्हणाले ॲडजस्ट कर, म्हणजे भाडं मागू नकोस. व्यापारी म्हणाला ॲडजस्ट कर, म्हणजे माझी पोती चढव. उशिरा येणाऱ्यांच्या तोंडी त्याचा अर्थ थांबून राहा असा होई, आणि आधीच बसलेल्यांच्या तोंडी आत्ताच नाव सोड असा. एक गवळी तर हाच शब्द म्हणत म्हैस घेऊन आला. घरी गेलं तर बायको गार भाकरी पुढे सरकवून तेच म्हणे. अर्थ कितीही असोत, सोसायचं मात्र दरवेळी या एकट्यानेच. तो बिचारा 'बरं' म्हणे आणि आतल्या आत चरफडत राही.

एकदा पलीकडच्या गावी जत्रा होती. नदी दुथडी भरून वाहत होती. लोक धक्काबुक्की करत नावेत चढले आणि रेघ दिसेनाशी झाली. निम्म्यांनी उतरा, दोन खेपा करू, असं नावाड्याने हात जोडून सांगितलं. पण प्रत्येकाला पहिल्याच खेपेत जायचं होतं. कुणी जागचं हलेना.

शेवटी पाटील वैतागून म्हणाले, "अरे, एवढ्याशा रेघेचं काय घेऊन बसलास? ती जरा वर ॲडजस्ट कर की."

नावाडी बघतच राहिला. भाडं बुडलं, भाकरी गार मिळाली, ते त्याने सोसलं होतं. पण आज नावेत पोरंबाळं होती, आणि त्यांना मधल्या धारेत नेणारे हात त्याचे असणार होते. आता मात्र त्याला राग आवरेना.

त्याने मुकाट्याने गेरू कालवला. बुडालेल्या रेघेच्या वीतभर वर नवी रेघ ओढली. मग वल्हं पाटलांच्या हातात दिलं आणि काठावर जाऊन उभा राहिला.

"हे काय?" पाटलांनी विचारलं.

"रेघ वर घेतली, पाटील. मी उतरलो, तेवढी अजून एकाची सोय झाली. या रेघेवर तुमचा भरवसा आहे, तर नाव आता तुम्हीच न्या."

पाटलांनी वल्ह्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. आणि ते धोतर सावरत खाली उतरले. त्यांच्यामागून व्यापारी उतरला, मग बाकीचे कुरकुरत उतरू लागले.

जुनी रेघ पाण्याबाहेर आली तेव्हा नावाड्याने नवी रेघ ओल्या हाताने पुसून टाकली आणि वल्हं मागून घेतलं. पहिल्या खेपेत बायका-पोरं गेली. पाटील उन्हात उभे राहून दुसऱ्या खेपेची वाट बघू लागले.

तात्पर्य: दुसऱ्याला 'ॲडजस्ट कर' म्हणण्याआधी त्याच्या जागी स्वतः उभं राहून बघावं, आणि जिथे जिवाशी गाठ आहे, तिथे मुळीच 'बरं' म्हणू नये.