टोकेकर साहेबांचं नाणं

निवृत्त शिक्षकांच्या निधीची सभा भरली होती. तीनशे कंपन्यांचे सहा आठवड्यांचे भाव पडद्यावर दाखवून सल्लागार टोकेकर ऐटीत म्हणाले, "या दोन कंपन्या कायम उलट चालतात. एक पडली की दुसरी चढतेच. सगळा निधी यांच्यातच घाला आणि निर्धास्त झोपा."

टाळ्या पडल्या. गणित शिकवून निवृत्त झालेल्या ओतारीबाईंनी मात्र पडद्यावरचे आठवडे मोजले: फक्त सहा. सगळ्यांची आयुष्यभराची पुंजी होती ती. त्या उठल्या.

"सगळ्यांनी सहा वेळा नाणं उडवा आणि छापा की काटा ते लिहून ठेवा. साहेब, तुम्हीसुद्धा."

तीनशे सभासदांची नाणी खणखणली. टोकेकरांनी आपला निकाल वाचून दाखवला.

"याच्या अगदी उलट कोणाचं पडलं?" बाईंनी विचारलं.

पाच हात वर झाले.

"साहेब, हे पाचजण कायम तुमच्या उलट चालतात. आता सातव्यांदा उडवा. यांचं उलटच पडेल, यावर तुमची फी लावता?"

टोकेकरांनी नाणं खिशात घातलं.

"मग सहा आठवड्यांच्या भावांवर आम्ही पुंजी कशी लावायची?" बाई हसल्या. "दहा वर्षांचे भाव घेऊन या. चहा आमच्याकडे."