केरबा क्रूझची बॅग भरतो

काळखडी नावाच्या गावात केरबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत होता. सांगितलेलं ऐकणं हा मोठा गुण आहे, असं त्याला चौथीत मास्तरांनी सांगितलं होतं. ते त्यानं ऐकलं. तेव्हापासून तो सगळ्यांचंच ऐकत आला होता. एकदा पंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांनी त्याच्याकडे मत मागितलं. त्यानं दोघांच्याही चिन्हावर शिक्का मारला आणि दोघांनाही घरी जाऊन तसं प्रामाणिकपणे सांगितलं.

काळखडीत पाण्याची बोंब. केरबाची बायको तानूबाई हिनं छत्तीस वर्षं पाणी भरलं. आधी विहिरीवरून, मग हापशावरून, मग टँकरवरून. गावाची प्रगती झाली ती अशी.

तानूबाईची एकच इच्छा होती. ती म्हणायची, "जे पाणी कुणालाच भरून आणावं लागत न्हाई, तसलं पाणी मला एकदा बघायचं हाय." म्हणजे समुद्र.

त्यांची मुलगी रोहिणी पनवेलला नोकरीला होती. तिनं आणि जावयानं मिळून आईबापांसाठी क्रूझची दोन तिकिटं काढली. मुंबईहून गोव्याला आणि परत. बोट शनिवारी संध्याकाळी पाचला सुटणार होती. तिकिटं नावावर होती, तारीख बदलायची सोय नव्हती.

"आई, ह्या खेपेला चुकलं तर पुन्हा काही जमायचं नाही गं," रोहिणी फोनवर म्हणाली.

"चुकंल कशापायी?" तानूबाई म्हणाली आणि तिनं केरबाकडं बघितलं.

केरबा हसला.

रोहिणीनं चाकांची एक नवी बॅग पाठवली आणि बापाला समजावून सांगितलं, "आबा, आईला घराचं, शेळ्यांचं बघायचंय. बॅग तुम्ही भरा. आणि एक करा. प्रत्येक कपडा आधी अंगात घालून बघा. नीट बसला तरच बॅगेत टाका."

"बरं," केरबा म्हणाला.

त्यानं स्वतःचे तीन सदरे घालून पाहिले. तिन्ही बसले. तिन्ही भरले. मग तानूबाईचं ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. तानूबाई शेळ्या बांधून घरी आली, तर घरापुढं बायकांची गर्दी. सगळ्यांचे पदर तोंडाला. आणि दारात, आरशापुढं, केरबा.

"लुगडं झकास बसतंय," केरबा म्हणाला. "चोळी तेवढी दंडात दाटती. ती भरू का ठेवू?"

तानूबाईनं कपाळाला हात लावला. "अवं, ते माझं हाय! दुसऱ्याची वस्तू असली, तर तिला हात लावायच्या आदी धन्याला इचारावं. एवढं कळंना व्हय?"

"चुकलं. ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

तानूबाईनं लुगडं-चोळी धुऊन कुंपणावर वाळत घातली आणि ती टँकरवर गेली. केरबा ओट्यावर बसला. तेवढ्यात शेजारच्या बयाजीची म्हैस आली आणि लुगड्याचा पदर खायला लागली. केरबा उठला. म्हशीपाशी गेला. हात पुढं केला. मग त्याला आठवलं, म्हैस आपली नाही.

तो बयाजीच्या घरी गेला. बयाजी रानात गेला होता. केरबा रानात गेला. बयाजी रानातून बाजाराच्या गावी गेला होता. केरबा ऊन डोक्यावर घेऊन बाजारात पोचला. बयाजी न्हाव्यापुढं बसला होता, अर्धी दाढी झालेली, तोंडाला फेस.

"बयाजी, तुझ्या म्हशीला हात लावू का?"

"आं? कशापायी?"

"माझ्या बायकोचं लुगडं खाती."

"आरं मग हाकल की तिला! एवढं इचारायला चार मैल चालत आलास?"

"आता परवानगी मिळाली. जातो आन् हाकलतो," केरबा म्हणाला आणि चार मैल परत गेला.

म्हशीचं तोवर आटोपलं होतं. नऊ वारांतलं दीड वार तिनं खाल्लं होतं आणि चोळीचा वास घेऊन ती नको म्हणून सोडून दिली होती.

तानूबाई हंडा उतरवून खालीच बसली. थोडा वेळ तिनं लुगड्याकडं बघितलं. मग उठून म्हणाली, "पदर आखूड घेईन. पाण्याला काय करायचाय पदर. पण तुमी ऐका. असलं काय घरावर चालून आलं, की इचारत बसायचं न्हाई. काठी घ्यायची आन् हाणायची!"

"चुकलं. ध्यानात ठेवतो."

काळखडीत एक चाल आहे. गावातलं कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की आदल्या दिवशी लोक नारळ घेऊन घरी भेटायला येतात. येताना काय काय आणायचं तेही सांगून जातात. शुक्रवारी सकाळी केरबा दारात काठी घेऊन बसला.

सगळ्यांत आधी सरपंच आले. टँकर आठ दिवस बंद होता तेव्हा सरपंच फिरकले नव्हते. पण क्रूझ म्हटल्यावर ते हार घेऊन आले आणि सोबत फोटो काढायला एक माणूस घेऊन आले. 'आपल्या गावचा पहिला क्रूझ प्रवासी आणि मी' असा फोटो त्यांना गावाच्या ग्रुपवर टाकायचा होता.

"काय केरबाशेठ!" म्हणत सरपंच चालून आले.

केरबानं विचारत बसायचं नाही, हे ध्यानात ठेवलं होतं. त्यानं काठी घेतली आणि हाणली. पहिली नडगीवर, दुसरी हारावर. फोटोवाल्यानं फोटो काढला. त्याचं ते कामच होतं.

सरपंच लंगडत गेले. निम्म्या गावाला बरं वाटलं, पण तसं कुणी बोललं नाही. उरलेले नारळ आपापल्या घरी परत गेले.

"देवा!" तानूबाई चुलीपुढनं धावत आली. "दारात आलेल्याला काठी दाखवत्यात व्हय? दारात कुणी आलं तर पाट मांडावा, कुंकू लावावं, आन् घरात जे चांगलंचुंगलं असंल ते पुढं करावं. कळलं का?"

"चुकलं. ध्यानात ठेवतो."

त्या दुपारी तानूबाईनं प्रवासासाठी दशम्या केल्या. दुधात पीठ भिजवून, चांगल्या वीस. सोबत लसणाची कोरडी चटणी. सगळं फडक्यात बांधलं आणि ती सरपंचांच्या नडगीला हळद घेऊन गेली.

दारात गावातलं पिवळं कुत्रं आलं.

केरबानं पाट मांडला. कुत्रं पाटावर बसलं. केरबानं कुंकू लावलं. कुत्र्यानं हरकत घेतली नाही. मग घरात चांगलंचुंगलं काय आहे हे बघून केरबानं फडकं सोडलं आणि पानावर एक दशमी वाढली. पंगतीची बातमी आळीत लगेच पसरली. आणखी सहा जण आले. केरबानं सगळ्यांना कुंकू लावलं. पाट एकच होता, त्याबद्दल त्यानं माफी मागितली.

"सावकाश होऊ द्या," म्हणत तो आग्रह करकरून वाढत राहिला.

तानूबाई परत आली तेव्हा फडक्यात चटणी उरली होती. पाहुण्यांना ती तिखट लागली.

आता मात्र तानूबाईचा धीर सुटला. तिनं फोन लावला आणि ती रडायला लागली. "रोहिणे, मी न्हाई येत. ह्यो माणूस मला समुद्रापातुर पोचू द्यायचा न्हाई."

"आई, रडू नको गं. दशम्या गेल्या तर गेल्या. बोटीवर खायला ढीग असतं. तू फक्त ये. आबांना दे फोन." मग रोहिणीनं बापाला ठणकावलं, "आबा, नीट ऐका. ही शेवटची गोष्ट. बोटीवर जे आयतं मिळतं, ते घरून आणायचं नाही. लोक हसतात. कळलं? तिथं आहे, ते घरी ठेवायचं."

केरबाला हे पटलं. पण नीट ऐकायचं म्हणून त्यानं विचारून घेतलं.

"अंथरूण-पांघरूण हाय का तिथं?"

"आहे."

"घालतं कोण?"

"त्याला माणूस असतो."

"भाकरी-कालवण?"

"अहो, दिवसातनं पाच वेळा. स्वयंपाकी आहेत तिथं साठ."

"धुणीभांडी?"

"सगळं तेच करतात."

"पाणी?"

रोहिणी हसली. "आबा, बोटीवर पोहायचा तलाव आहे. गोड्या पाण्याचा."

केरबानं डोकं खाजवलं. "समुद्रात बोट. बोटीत तलाव. मग समुद्र कशाला?"

"बघायला, आबा."

"आन् उठवायला? चुकलं-माकलं तर बोलायला?"

"सकाळी उठवायला घंटा वाजते आणि चुकलं तर कर्णे घेऊन ओरडणारी माणसं आहेत!" रोहिणी वैतागली. "सगळं आहे तिथं. काही म्हणता काही आणू नका!"

"बरं," केरबा म्हणाला.

त्यानं बॅग उपडी केली. घोंगडी तिथं आहे, घरी ठेवली. तांब्या तिथं आहे, घरी ठेवला. टॉवेल, साबण, चटणी. एकेक वस्तू काढत गेला. बॅग हलकी झाली आणि केरबाचं मनही हलकं झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादी सूचना मुळापासून समजली होती.

शनिवारी उजाडता उजाडता तानूबाई तयार होती. न्हालेली, डोक्याला तेल लावलेलं, आखूड पदराचं हिरवं लुगडं नेसलेली. दोनदा दाराशी जाऊन तिनं एसटीची वाट बघितली. तेवढ्यात फाट्यावर टँकरचा आवाज आला.

"चार दिस शेळ्यांना पाणी लागंल," ती म्हणाली. "दोन हंडे भरून ठिवते आन् आलेच. एसटी आली तर तुमी सामान घिऊन चढा."

ती गेली आणि एसटी आली. केरबानं घरातला एकुलता फोन खिशात टाकला आणि बॅग एका बोटावर उचलली. आत तीन सदरे होते. ते तिथं मिळतील का, हे विचारायचं राहून गेलं होतं. तो चढला.

"एवढंच का? का अजून कुणी यायचंय?" कंडक्टरनं विचारलं.

केरबानं यादी पहिल्यापासून आठवली. एकेक गोष्ट तपासून बघितली. मग म्हणाला, "न्हाई. सगळं तिथं हाय."

कंडक्टरनं घंटी मारली. मागं टँकरपाशी हंडा पडल्याचा आवाज झाला. धुळीतून हिरव्या लुगड्यातलं कुणीतरी हात वर करून पळत येत होतं. केरबानंही खिडकीतून प्रेमानं हात हलवला.

मुंबईच्या धक्क्यावर रोहिणी आणि जावई दुपारपासून उभे होते. समोर बोट. एका बोटीत सगळी काळखडी मावली असती, आणि आजूबाजूची चार गावंसुद्धा. केरबा चाकांची बॅग ओढत आला. अडीच वाजले होते.

"आबा, आई कुठाय?"

"घरी."

"घरी? बरी आहे ना ती?"

"झकास हाय. पळत व्हती."

"मग आणली का नाहीत तिला?"

केरबाला नवल वाटलं. शिकलेली मुलगी, आणि कालचं आज विसरते. त्यानं तिला तिचंच सांगणं नीट समजावून सांगितलं. "अगं, तूच बोललीस न्हवं? तिथं हाय ते घरी ठेवायचं. रांधायला तिथं साठ माणसं. धुणं-भांडी तिथं. अंथरूण घालायला माणूस. पाणी तर तलावभर. उठवायला घंटा, बोलायला कर्णेवाली माणसं. मग तुझ्या आईला कशापायी आणायची? लोक हसतील की."

रोहिणी तिथंच बॅगेवर बसली. बॅग जवळजवळ रिकामीच होती, ती मधोमध चेपली. जावयानं घड्याळ बघितलं. काळखडी सात तासांवर होती आणि बोट अडीच तासांवर. लोक रांगेनं वर चढत होते आणि पांढऱ्या कपड्यांतली माणसं वाकून त्यांचं सामान उचलत होती.

जावयाला राग आवरेना. पण सासरे पडले, म्हणून तो दात आवळून एवढंच म्हणाला, "मग मामा, तुम्ही तरी कशाला आलात?"

केरबा विचारात पडला. प्रश्न रास्त होता. त्यानं रोहिणीचं कालचं बोलणं पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात उगाळलं आणि त्याला उत्तर सापडलं.

"बसून खायला, पाव्हणं," तो म्हणाला. "त्या कामाला तिथं माणूस ठेवलाय, असं काय रोहिणी बोलली न्हाई."