शिदोबाचा बॅकअप

पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला एक गाव होतं. तिथं शिदोबा नावाचा भोळा माणूस राहायचा. भोळा म्हणजे किती, तर सांगितलेलं सगळं करायचा. अगदी सांगितलं तस्संच करायचा.

त्याची बायको हौसाबाई. तिच्यासारखी रांगोळी पंचक्रोशीत कोणी काढत नसे. पण दुपारपर्यंत कोंबड्या त्या रांगोळीवरून फिरून जायच्या. म्हणून हौसाबाई रोज तिचा फोटो काढायची आणि लेकीनं दिलेल्या कॉम्प्युटरात ठेवायची.

एकदा कॉम्प्युटर मधेच बंद पडला. पुन्हा चालू झाला, पण तेवढ्यात हौसाबाईचा जीव अर्धा झाला. तिनं शहरातल्या लेकीला, वैजयंताला फोन लावला. लेक म्हणाली, बॅकअपचं सॉफ्टवेअर आणा, म्हणजे फोटोंची नक्कल कॉम्प्युटरला जोडायच्या वेगळ्या डबीत राहील. मग तिनं फोन वडिलांकडे द्यायला सांगितला.

"बाबा, बाजारात पुष्कळ प्रकार आहेत. आपल्या चांदीलाही कळेल इतकं सोपं घ्या."

चांदी म्हणजे त्यांची म्हैस.

शिदोबानं चांदीचं दावं सोडलं आणि तिला बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेलं. दुकान यास्मिन मुल्लाणी चालवायची. म्हैस कशाला आणली, असं तिनं विचारलं. शिदोबा म्हणाला, पसंत तिलाच करायचंय. यास्मिननं एकेक प्रकार लावून दाखवला. पहिल्यात नुसतं इंग्रजी लिहिलेलं होतं. चांदीनं पाठ फिरवली. दुसऱ्यात शंभर चौकोन होते. चांदीनं शेण टाकलं. तिसऱ्यात एकच मोठं हिरवं बटण होतं. चांदीनं मान पुढं करून ते चाटलं. यास्मिननं पडदा पुसला आणि म्हणाली, नवशिक्याला मीसुद्धा हेच दिलं असतं.

हौसाबाईला हे गावातल्या बायकांकडून कळलं. ती म्हणाली, जनावराला काय विचारायचं, माणसांना विचारावं. शिदोबानं ते ध्यानात ठेवलं.

संध्याकाळी सॉफ्टवेअर चालू केलं. पडद्यावर अक्षरं आली, 'पुढे जाऊ का?' शिदोबा उठला आणि पारावर गेला. तिथं म्हातारे बसले होते. आमच्या घरी एकजण पुढं जाऊ का म्हणून विचारतोय, काय सांगू, असं त्यानं विचारलं. म्हातारे म्हणाले, अंधार पडलाय, आता कुठं जातोय, राहू दे. शिदोबानं घरी येऊन 'नाही' दाबलं.

हौसाबाईनं कपाळाला हात लावला. "अहो, विचारलं की 'हो' म्हणायचं. दुसरं काही बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी ती गिरणीत गेली आणि दारात भंगारवाला आला. मोडीत काही द्यायचंय का, त्यानं विचारलं. शिदोबा म्हणाला, हो. हा कॉम्प्युटर नेऊ का? हो.

दळण घेऊन येताना हौसाबाईला गल्लीच्या तोंडाशी तो हातगाडा दिसला. मोडक्या खाटेखाली तिचा कॉम्प्युटर. ती गाड्याला आडवी झाली. भंगारवाला म्हणाला, मालकांना विचारूनच घेतलाय. कॉम्प्युटर परत मिळाला, पण हौसाबाईचा राग गेला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दारात रांगोळीही काढली नाही.

शेवटी यास्मिनच घरी आली. तिनं सगळ्या फोटोंची नक्कल डबीत घेतली. मग कॉम्प्युटरातली एक रांगोळी पुसली. हौसाबाईनं डोळे मिटले. यास्मिननं हिरवं बटण दाबलं आणि रांगोळी जशीच्या तशी परत आली. शिदोबा बघतच राहिला.

"काका, पुसून परत आणून बघितल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही," यास्मिन म्हणाली.

पुढं तालुक्याला रांगोळीची स्पर्धा लागली. हौसाबाई पहाटेच जाऊन बसली. तिनं कमळांनी भरलेलं तळं काढलं. पाण्यावरची सावलीसुद्धा काढली. येणारे-जाणारे थांबून बघत होते, पहिला नंबर हिचाच, म्हणत होते. तिची बोटं आखडली होती, पण चेहरा फुलला होता. मी परीक्षकबाईंना घेऊन येते, तोवर फोटो काढा आणि कोणाला पाय लावू देऊ नका, असं शिदोबाला सांगून ती गेली.

शिदोबानं फोटो काढला. कोणाला पाय लावू दिला नाही. आणि मग त्याला यास्मिनचं बोलणं आठवलं.

हौसाबाई परीक्षकबाईंना घेऊन आली, तेव्हा फरशी लख्ख होती. शिदोबाच्या एका हातात केरसुणी होती, दुसऱ्या हातात फोन.

"रांगोळी कुठं आहे?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"आहे की. नक्कल घेतलीय," शिदोबा म्हणाला. मग तो फरशीवर वाकून इकडं तिकडं बघायला लागला. "हौसा, हितलं हिरवं बटण कुठाय, तेवढं सांग."